क्लास लिहिले म्हणजे ऑब्जेक्ट-ओरिएंटेड झाले का?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. तुम्ही दोन वर्षे जावामध्ये काम करत आहात. अभियांत्रिकीला असताना ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगचे ‘चार स्तंभ’ (एन्कॅप्स्युलेशन, ॲब्स्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स आणि पॉलिमॉर्फिझम) पाठ केले, मुलाखतीत ते सांगितले आणि नोकरीही मिळाली. रोजच्या कामात मात्र क्लासमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट घडवण्याच्या साच्यात, नुसती फील्ड (माहितीचे कप्पे) आणि त्यांचे गेटर-सेटर (ते कप्पे वाचणाऱ्या आणि बदलणाऱ्या मेथड) असतात, खरे काम सर्व्हिस क्लासमधल्या लांबलचक मेथडमध्ये चालते, आणि कोणी इनहेरिटन्स (एका क्लासने दुसऱ्याचा कोड वारशाने घेणे) वापरलेच तर कोड तपासणारे वरिष्ठ ते काढायला लावतात. त्यातच गो आणि रस्ट या भाषांत इनहेरिटन्स मुळातच नाही हे तुम्हाला कळले. म्हणून तुम्ही विचारता की आपण शिकलो ते कालबाह्य झाले आहे, की आपण ते कधी वापरलेच नाही.

माझे उत्तर दुसऱ्या बाजूचे आहे. तुमच्या वर्णनावरून दिसते ते असे की तुमची कंपनी ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषा वापरते, पण त्या भाषेत प्रक्रियाप्रधान पद्धतीचे प्रोग्रॅम लिहिते, म्हणजे माहिती एकीकडे आणि तिच्यावरच्या कामाच्या पायऱ्या दुसरीकडे. यात दरवेळी काही चुकतेच असे नाही, आणि ते केव्हा चालते हे मी पुढे सांगणार आहे. पण ‘चार स्तंभ’ एकसारख्या उंचीचे आहेत अशी समजूत घेऊन तुम्ही शोध घेत असाल, तर जे सापडायला हवे ते सापडणार नाही. गेली २२ वर्षे बहुतेक काळ मी बिले, पावत्या आणि हिशेब यांच्या प्रणालींवर काम केले आहे, आणि माझ्या अनुभवात त्या चारांपैकी एकाच गोष्टीने बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त काम दिले: माहिती आणि त्या माहितीबद्दलचा नियम एकाच ठिकाणी, एकाच्याच ताब्यात असणे.

एक प्रसंग तपशिलाने सांगतो. मी गृहनिर्माण संस्थांच्या देखभाल-बिलांची प्रणाली सांभाळणाऱ्या गटात होतो. एका संस्थेच्या खजिनदारांनी कळवले की एका सदस्याची थकबाकी ६,००० रुपये असायला हवी, ती १२,००० दिसते आहे. त्या सदस्याचा ६,००० रुपयांचा चेक न वटता परत आला होता. संस्थेच्या कारकुनाने बँकेच्या ताळमेळाच्या पडद्यावर त्या चेकपुढे ‘परत’ अशी खूण केली, तेव्हा त्या पडद्यामागच्या कोडने थकबाकी वाचली, तीत ६,००० मिळवले आणि सेटरने नवी रक्कम लिहून टाकली. दोन दिवसांनी दुसऱ्या कोणीतरी त्याच चेकची पावती रद्द केली. पावती रद्द करणाऱ्या कोडनेही तेच केले: वाचले, मिळवले, लिहिले. दोन्ही मेथड वेगवेगळ्या तपासल्या तर निर्दोष होत्या आणि दोन्हींच्या चाचण्या उत्तीर्ण होत होत्या. त्या संस्थेत थकबाकीवर २१ टक्के सरळ व्याज लागत असे, त्यामुळे महिन्याला १०५ रुपयांऐवजी २१० रुपये व्याज आकारले गेले, आणि ते पाहून संबंधित सदस्य खजिनदारांच्या दारात उभे राहिले.

थकबाकीचा सेटर कोठून कोठून बोलावला जातो हे आम्ही शोधले तेव्हा ११ ठिकाणे निघाली. ‘रद्द झालेला भरणा पुन्हा रद्द होऊ नये’ हा नियम सगळ्यांना माहीत होता, पण तो पाळण्याची जबाबदारी त्या ११ ठिकाणांपैकी नेमकी कोणाची, हे कोठेच ठरलेले नव्हते. जी गोष्ट सगळ्यांची असते ती कोणाचीच नसते, हे आपण संस्थेच्या जिन्यातल्या दिव्यावरूनही जाणतो.

आम्ही सेटर काढून टाकला. त्याऐवजी ‘सदस्यखाते’ या क्लासला तीनच कृती ठेवल्या: बिल आकारणे, भरणा जमा करणे आणि भरणा रद्द करणे. प्रत्येक भरण्याला स्वतःची स्थिती दिली, म्हणजे जमा, वटला किंवा रद्द. रद्द करण्याची विनंती आली की खाते आधी त्या भरण्याची स्थिती पाहते, आणि तो आधीच रद्द असेल तर विनंती नाकारते. विनंती ताळमेळाच्या पडद्यावरून आली की पावतीच्या पडद्यावरून, याच्याशी खात्याला काहीही देणेघेणे नसते. थकबाकी हे लिहिता येण्याजोगे फील्ड राहिलेच नाही; ती बिले आणि भरणे यांवरून काढली जाणारी रक्कम झाली. या बदलाला आम्हाला जवळजवळ तीन आठवडे लागले, कारण ती ११ ठिकाणे एकेक करून वळवावी लागली. पुढे एका संस्थेने ‘आलेला भरणा आधी व्याजात आणि मग मुद्दलात वळता करावा’ असा ठराव केला, तेव्हा तो बदल एका मेथडमध्ये अर्ध्या दिवसात झाला.

माहिती आणि तिचा नियम एकाच्याच ताब्यात ठेवणे, या एन्कॅप्स्युलेशनचा खरा अर्थ मला त्या तीन आठवड्यांत कळला. फील्डच्या आधी ‘प्रायव्हेट’ (बाहेरच्यांना बंद) लिहायचे आणि लगेच त्याला सार्वजनिक सेटर द्यायचा, म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली उंबऱ्यावर ठेवण्यासारखे आहे. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नस यांनी १९७२मध्येच मांडले होते की प्रोग्रॅमचे तुकडे कामाच्या पायऱ्यांनुसार पाडू नयेत, तर पुढे बदलण्याची शक्यता असलेला प्रत्येक निर्णय एका तुकड्यात लपेल अशा रीतीने पाडावेत. ही सूचना ‘क्लास’ या शब्दावर अवलंबून नाही, आणि म्हणूनच ती भाषा बदलली तरी टिकून राहते.

इथे थोडा इतिहास सांगणे भाग आहे, कारण तुमच्या गोंधळाचे मूळ त्यात आहे. क्लास, ऑब्जेक्ट आणि इनहेरिटन्स या कल्पना भाषेच्या रूपात प्रथम एकत्र आल्या त्या नॉर्वेत. ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्तेन न्युगोर यांनी सिम्युला ६७ ही भाषा घडवली. रांगा, वाहतूक, कारखान्यातील कामाचा ओघ अशा खऱ्या जगातल्या घडामोडींचे संगणकावर अनुकरण करणे हा त्यांचा हेतू होता. तिथे प्रत्येक ऑब्जेक्ट ही स्वतःची अवस्था बाळगणारी आणि स्वतःचे काम स्वतः करणारी वस्तू होती. पुढे झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात स्मॉलटॉक घडवली. ‘ऑब्जेक्ट-ओरिएंटेड’ हा शब्द के यांचाच. ऑब्जेक्ट एकमेकांना निरोप पाठवतात आणि निरोप कसा पार पाडायचा हे घेणारा ठरवतो, हा त्यांच्या कल्पनेचा गाभा होता. नंतर त्यांनी स्वतःच खंत व्यक्त केली की ‘ऑब्जेक्ट’ या शब्दामुळे लोकांचे लक्ष निरोपांवरून वस्तूंवर गेले.

सी++ भाषेचे जनक बियार्ने स्ट्रुस्ट्रुप यांची वाट वेगळी होती. केंब्रिजला पीएच.डी. करताना त्यांनी सिम्युला वापरली होती. तिच्यात मोठा प्रोग्रॅम नीट रचता येतो हे त्यांना आवडले, पण तिचा वेग पुरेना. म्हणून बेल लॅब्जमध्ये १९७९पासून त्यांनी सी भाषेत क्लासची भर घालायला सुरुवात केली, आणि १९८३मध्ये तिला सी++ हे नाव मिळाले. १९९५मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने जावा आणली. तिच्यात मोकळी झालेली मेमरी गोळा करण्याचे काम भाषेने स्वतःकडे घेतले, आणि क्लासला एकच पालक ठेवून इंटरफेस (कोणत्या मेथड असायला हव्यात एवढेच सांगणारे करार) मात्र हवे तितके घेऊ दिले. म्हणजे ‘ऑब्जेक्ट-ओरिएंटेड’ या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या गरजा एकत्र आल्या आहेत: जगाचे अनुकरण, निरोपांची देवघेव आणि मोठ्या प्रोग्रॅमची मांडणी. महाविद्यालयात त्यांचे चार स्तंभ करून शिकवतात तेव्हा कोणती गोष्ट कोणत्या अडचणीवरचा उपाय होती, हे सांगायचे राहून जाते.

आता इनहेरिटन्सकडे येतो. तुमचे वरिष्ठ ते का काढायला लावतात हे समजून घ्यायचे असेल तर जावाच्या स्वतःच्याच ग्रंथालयातील ‘स्टॅक’ हा क्लास उघडून पाहा. पहिल्या आवृत्तीपासून तो ‘व्हेक्टर’चा वारस आहे. स्टॅक म्हणजे ताटांची चळत: वरून ठेवायचे आणि वरूनच काढायचे, एवढाच त्याचा नियम. पण व्हेक्टरमध्ये कोणत्याही क्रमांकावर घटक घुसवता येतो, आणि वारसाहक्काने ती मेथड स्टॅककडेही आली. त्यामुळे चळतीच्या मधोमध ताट सरकवणारा कोड विनातक्रार चालतो. लिहिणाऱ्यांना व्हेक्टरचे आतले काम फुकट हवे होते, आणि त्यासोबत व्हेक्टरची सगळी दारेही आली. आज जावाचे अधिकृत दस्तऐवजच स्टॅकऐवजी ‘डेक’ हा इंटरफेस वापरा असे सुचवतात, तरी जुना कोड मोडू नये म्हणून ते नाते तसेच ठेवावे लागले आहे. एका चुकीच्या वारशाची किंमत इतकी वर्षे फेडावी लागते, हे त्या क्लासकडे पाहून समजते.

आमच्या बिलप्रणालीतही अशीच चूक मी स्वतः पाहिली आहे. आधीच्या गटाने ‘सदस्य’ हा मूळ क्लास करून त्याचे ‘स्वतः राहणारा सदस्य’ आणि ‘भाडेकरू ठेवणारा सदस्य’ असे दोन वारस केले होते, कारण भाड्याने दिलेल्या सदनिकेवर बिनभोगवटा शुल्क लागते. कागदावर ही रचना पाठ्यपुस्तकासारखी देखणी होती. अडचण अशी की सदस्य आज स्वतः राहतो आणि पुढच्या महिन्यात घर भाड्याने देतो. जावामध्ये मात्र एकदा जन्मलेल्या ऑब्जेक्टचा क्लास बदलत नाही. त्यामुळे जुना ऑब्जेक्ट टाकून नवा घडवायचा आणि जुनी बिले त्याला जोडायची, असे कसरतीचे कोड तयार झाले होते. एकाच सदस्याच्या दोन सदनिका असून एकच भाड्याने दिलेली असेल, तर त्या रचनेत त्याला जागाच नव्हती.

त्याच ठिकाणी पॉलिमॉर्फिझम, म्हणजे एकाच विनंतीला प्रत्येक ऑब्जेक्टने आपापल्या रीतीने उत्तर देणे, मात्र अगदी चपखल बसला. संस्थांच्या आदर्श उपविधींत प्रत्येक आकार काढण्याची रीत वेगळी आहे. सेवा शुल्क सगळ्या सदनिकांना समान. पाण्याचा आकार सदनिकेतील नळजोडांची संख्या आणि आकारमान यांवर. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के, सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के. बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत, आणि सदस्याचे जवळचे कुटुंबीय राहत असतील तर ते लागत नाही. आम्ही ‘आकार’ नावाचा एक इंटरफेस केला आणि त्याला एकच मेथड दिली: ही सदनिका आणि हा महिना घे, रक्कम सांग. प्रत्येक प्रकारच्या आकारासाठी एक छोटा क्लास झाला. बिनभोगवट्याचा क्लास सेवा शुल्काच्या ऑब्जेक्टला त्याची रक्कम विचारतो आणि तिच्यावर टक्केवारी लावतो. ती कशी काढली हे त्याला ठाऊक नसते. बिल तयार करणारा कोड सदनिकेला लागू असलेल्या आकारांची यादी घेऊन प्रत्येकाला रक्कम विचारतो, एवढेच. एखाद्या संस्थेने विद्युत वाहनांच्या चार्जिंगचा आकार सुरू केला तर नवा क्लास लिहायचा आणि तो यादीत घालायचा. बिलाच्या कोडला हात लावायचा नाही. सदनिका भाड्याने गेली की यादीत एक आकार वाढतो, आणि भाडेकरू गेला की तो निघतो.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर, नियमाला एकच मालक असावा यासाठी एन्कॅप्स्युलेशन, तेच काम निरनिराळ्या रीतींनी होत असेल तेथे इंटरफेस आणि पॉलिमॉर्फिझम, आणि दुसऱ्याचा कोड फुकट मिळतो एवढ्यासाठी इनहेरिटन्स कधीही नको. तुमच्या वरिष्ठांचा आक्षेप याच शेवटच्या प्रकाराला असावा, आणि तो रास्त आहे.

गो आणि रस्टबद्दलची शंका यातूनच सुटते. गो भाषेत ‘क्लास’ हा शब्द नाही, पण स्ट्रक्टला (फील्डच्या गटाला) मेथड जोडता येतात, इंटरफेस आहेत, आणि नावाचे पहिले अक्षर लहान ठेवले की ते पॅकेजच्या बाहेर दिसत नाही. रस्टमध्ये स्ट्रक्टची फील्ड मूलतःच खासगी असतात आणि इंटरफेसचे काम ट्रेट करतात. ‘सदस्यखाते’ मी या दोन्ही भाषांत लिहिले तरी त्याच्या तीन कृती आणि थकबाकीला सेटर नसणे हे जसेच्या तसे राहील. उलट पाहायचे तर लिनक्सचे कर्नल, म्हणजे त्या कार्यप्रणालीचा गाभा, मुख्यतः सी भाषेत आहे, जिच्यात क्लासची सोय नाही. तरी तेथे प्रत्येक फाइल-प्रणाली वाचणे, लिहिणे, उघडणे यांसाठीच्या फंक्शनांचे पत्ते एका स्ट्रक्टमध्ये भरून देते आणि कर्नल त्या पत्त्यांमार्फत काम करवून घेते. हा पॉलिमॉर्फिझमच आहे. भाषा त्या विचाराला सोपे किंवा अवघड करते. विचार भाषेचा नाही.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग. तुमचा प्रोग्रॅम बहुतांशी अर्ज घेऊन तक्त्यात ठेवतो आणि मागितल्यावर दाखवतो असा असेल, त्यात नियम थोडेच असतील, तर गेटर-सेटरचे क्लास आणि सर्व्हिस ही रचना पुरेशी आहे, आणि तिच्यावर ऑब्जेक्टांची इमारत उभी करणे म्हणजे वेळेचा अपव्यय. बाहेरून आलेला जेसन (माहिती देवघेवीचा एक मजकुरी साचा) वाचण्यासाठी तर वागणूक नसलेला क्लासच योग्य. जावा १६पासून त्यासाठी ‘रेकॉर्ड’ आहेत. अहवालांच्या बाबतीतही मी ऑब्जेक्टांचा आग्रह धरत नाही. आकारांचे प्रकार वर्षातून एखादा वाढतो, पण अहवाल दर आठवड्याला नवा मागितला जातो. प्रत्येक अहवालासाठी ‘आकार’ या इंटरफेसमध्ये एक मेथड वाढवत गेलो असतो तर सगळे क्लास फुगले असते. तेथे उलटे करणे सोयीचे ठरते: प्रकारांची यादी बंद ठेवायची आणि प्रत्येक अहवाल हे वेगळे फंक्शन ठेवायचे. जावा १७मधील सील्ड क्लास (ज्याचे वारस आधीच ठरवून बंद केलेले असतात) आणि जावा २१मधील पॅटर्न ओळखणारा स्विच यांमुळे हे सुरक्षितपणे करता येते, कारण एखादा प्रकार हाताळायचा राहिला तर कंपायलरच अडवतो. तेव्हा माझा निकष असा आहे: नवे प्रकार वारंवार येणार असतील तर इंटरफेस, आणि नव्या क्रिया वारंवार येणार असतील तर बंद प्रकार व फंक्शने. एकाच प्रणालीत दोन्ही नांदतात.

सुरुवात कोठून करावी हेही तुम्ही विचारले आहे. सगळी प्रणाली नव्याने रचण्याचा प्रस्ताव मांडू नका. तो मान्य होणार नाही, आणि होऊही नये. सर्वांत लहान ऑब्जेक्टपासून सुरुवात करा. पैशांची रक्कम तुमच्याकडे ‘डबल’मध्ये (अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) ठेवली जात असेल तर जावात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते, हे आजच करून पाहा. मग ‘रक्कम’ नावाचा एक क्लास लिहा, ज्याच्या आत बिगडेसिमल (दशांश अचूक ठेवणारा जावाचा प्रकार) असेल, ज्याची किंमत एकदा ठरल्यावर बदलणार नाही, आणि पैसे कोठे व कसे पूर्णांकात आणायचे हा निर्णय फक्त त्याच्याच आत असेल. हा क्लास ६०-७० ओळींपलीकडे जात नाही, पण आमच्याकडे त्याने बिल आणि खातेवही यांतला एका रुपयाचा फरक कायमचा संपवला.

त्यानंतर तुमच्या कोडमधील सर्वांत जास्त ठिकाणांहून बोलावला जाणारा सेटर शोधा. इंटेलिजे किंवा एक्लिप्स या कोड लिहिण्याच्या साधनांत हे काही सेकंदांत दिसते. त्या प्रत्येक ठिकाणी तो सेटर कोणत्या कारणासाठी बोलावला आहे हे एका वाक्यात कागदावर लिहा. बहुधा २० ठिकाणांमागे तीन-चारच कारणे निघतील. ती कारणे हीच तुमच्या मेथडची नावे. आधी सध्याच्या वागणुकीवर चाचण्या लिहा, मग एकेक ठिकाण नव्या मेथडकडे वळवा आणि सर्वांत शेवटी सेटर काढा.

हे करताना तुम्हाला एक आक्षेप नक्की ऐकावा लागेल, की हायबरनेटला (ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये साठवणाऱ्या साधनाला) सेटर लागतातच. तसे नाही. जेपीएच्या (हायबरनेट ज्या जावा-प्रमाणानुसार चालते त्याच्या) खुणा गेटरवर न लावता फील्डवर लावल्या तर माहिती थेट फील्डमध्ये भरली जाते. एंटिटीला, म्हणजे अशा साठवल्या जाणाऱ्या क्लासला, फक्त बिनपॅरामीटरचा एक कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट घडवणारी मेथड) लागतो, आणि तो ‘प्रोटेक्टेड’ असला तरी चालतो. कोणत्याही एका एंटिटीवर ही अदलाबदल करून तिचे सेटर काढा आणि चाचण्या चालवून दाखवा. चर्चेपेक्षा ते लवकर पटते.